कूलिंग टॉवरमधला जिवाणू

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्ये वाढू शकणारा लिजिओनेला जिवाणू मात्र शास्त्रज्ञांच्या हाती लागला 1977 मध्ये. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ उसळली होती. जिवाणूचं नाव त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच पडलं.

20 ते 45 अंश सेल्सिअसचं पाणी, गंज आणि बुळबुळीत थर मिळाला की हा जिवाणू फोफावतो. कूलिंग टॉवरचे तुषार श्वासातून फुफ्फुसात गेले, की घात.

फ्रान्समध्ये 2003-04 मध्ये एका पेट्रोकेमिकल कारखान्यामुळे 86 जण आजारी पडले, 18 दगावले. काही रुग्ण तर सहा किलोमीटरवर राहणारे! खडकीहून शिवाजीनगर स्टेशन त्याहून जवळ. फ्रान्समधल्या त्या कारखान्याचा टॉवर जोरदार फवाऱ्याने धुतानाच साथ पुन्हा भडकली असावी, असं तपासात दिसलं.

साध्या पेनिसिलिनला हा जिवाणू दाद देत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी औषधं लागतात. म्हणून न्यूमोनिया झालेल्या कामगाराने डॉक्टरांना कामाची जागाही सांगावी.