घास कशाचा अडकतो?

सातारा-सांगलीकडच्या गावांत जेवणाचा आधार भाकरीचा, त्यामुळे अन्ननलिकेच्या आजाराची पहिली तक्रारही बहुधा तिच्याच नावाने येते: ‘भाकरी उतरत नाही.’ मग भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली जाते, पुढे मऊ भात, पुढे पेज. घरचे म्हणतात, वय झालं. खरे तर जेवणातला हा बदल हाच आजाराचा सर्वांत बोलका पुरावा असतो; दवाखान्यात मात्र त्यातले ‘ॲसिडिटी आहे, जेवण जात नाही’ एवढेच सांगितले जाते. काय अडकते, केव्हापासून आणि कोणत्या क्रमाने, या हकिगतीला तपासणीच्या अहवालाइतकेच वजन द्यायला हवे, असे माझे मत आहे.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. स्नायूंची लाट त्याला ढकलत नेते आणि तळाची झडप त्याच वेळी सैल होते. वाट अरुंद झाली, तर आधी घट्ट पदार्थ अडतात, पाणी जात राहते. कर्करोगात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भाकरीवरून पाण्यावर येण्याची वेळ येते आणि वजन झपाट्याने उतरते. नळी चांगली ताणली जाणारी असल्याने घास वरचेवर अडायला लागतो तो वाट साधारण १३ मिलिमीटरच्या खाली आल्यावर; म्हणजे ही ‘पहिली’ तक्रार मुळात उशिराचीच. वर्षानुवर्षांच्या जळजळीने नळी आकसली असेल, तरीही घट्ट घासच अडतो, पण चाल संथ असते आणि वजन बहुधा टिकते. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाला जळजळीचा जुना त्रास असला, तरी नव्याने अडकू लागलेला घास त्या त्रासाच्या खात्यावर टाकू नये. अंगात लोह कमी असलेल्या काही बायकांत नळीच्या वरच्या टोकाला पातळ पडदा येतो. लोहाच्या गोळ्यांनी त्रास पुष्कळदा कमी होतो, तरी पुढे कर्करोगाचा धोका असल्याने लक्ष ठेवावे लागते.

अकलेशिया या आजाराची तऱ्हा वेगळी. त्यात नळीच्या भिंतीतल्या चेतापेशी नाहीशा होतात, लाट विस्कटते, झडप सैल होत नाही. म्हणून भाकरीबरोबर पाणीही बहुधा सुरुवातीपासूनच अडते. रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न घशाशी येते, खोकला लागतो. छातीत जळजळही होत असल्याने कित्येकांची वर्षे ॲसिडिटीच्या गोळ्यांत जातात. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी १६७४ साली अशाच एका रुग्णाची नोंद केली. देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून तो अन्न खाली ढकलत असे. (गिळताच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, तर बिघाड घशाच्या स्नायूंत असतो; तिथे आधी पक्षाघाताचा विचार करायचा.)

यावर कोणी म्हणेल, दुर्बीण घातली की सगळे दिसतेच, हकिगत हवी कशाला? कारण अकलेशियाच्या सुरुवातीला दुर्बिणीतून नळी धडधाकट दिसू शकते आणि रुग्णाला ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवले जाते. पाणीही अडते हे ऐकलेले डॉक्टर तिथे न थांबता बेरियमचा एक्स-रे आणि नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री सुचवतात. दुसरा आक्षेप अधिक खरा: हकिगत फसवते. रुग्ण बोट ठेवतो गळ्यावर, अडथळा निघतो जठराच्या तोंडाशी. शिवाय उतारवयात थोड्याच महिन्यांत अकलेशियासारखी लक्षणे दिसली, तर झडपेजवळचा कर्करोगही तसेच सोंग घेऊ शकतो. म्हणून बोटापेक्षा क्रमावर विश्वास ठेवावा आणि हकिगत कितीही स्वच्छ असली तरी दुर्बीण टाळू नये.

मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण मिरजेला येत आले आहेत. कराडलाही आता वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. दुर्बिणीसाठी लांब जावे लागत नाही. मॅनोमेट्री तेवढी सर्रास होत नाही. ती कोणासाठी करायची आणि त्यासाठी कोणाला लांबच्या शहरात पाठवायचे, हे ठरवायला भाकरी आधी अडली की पाणीही तेव्हाच अडले, हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.