उपचार चालू असताना बिडी-सिगारेट का सोडावी?

"कॅन्सर झालाच आहे, आता बिडी सोडून काय फायदा?" असे अनेक रुग्ण म्हणतात, आणि घरची माणसेही दया येऊन बंडल आणून देतात. ही दया रुग्णाला महाग पडते.

बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवितो. किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला शेक म्हणतात, त्याचा मारा गाठीवर नीट होण्यास प्राणवायू लागतो. तो कमी पडला की शेकाचा गुण कमी येतो. शेवटच्या बिडीनंतर एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून बराचसा निघून जातो. म्हणून उपचाराच्या तोंडावर सोडली तरी उपयोग होतोच. शस्त्रक्रियेची जखमही धूम्रपानाने उशिरा भरते. एर्लोटिनिबसारखे औषध तर ओढणाऱ्याच्या शरीरातून लवकर निघून जाते. कॅन्सर झाल्यावरही धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात आहे.

बिडी टाकून तंबाखू-मशेरी धरणे म्हणजे सोडणे नव्हे. (पाचवे शील ग्रहण करताना आपण दारू आठवतो, खिशातले बंडल मात्र विसरतो!)

पहिला आठवडा कठीण असतो. चिडचिड होते, झोप उडते. तलफ मात्र काही मिनिटांचीच असते; तेवढ्यात पाणी प्यावे, कोणाशी बोलत बसावे. आपण ओढतो हे डॉक्टरांपासून लपवू नये. निकोटिनचा गम किंवा पट्टी त्यांनाच विचारून घ्यावी. तोंड आलेल्या रुग्णाला गम चावणे जमत नाही. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.