हिवतापाने आखलेला नकाशा

केनियात वाढलेले अँथनी अ‍ॅलिसन १९४९ साली ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर तिथे परतले आणि वेगवेगळ्या जमातींतल्या लोकांचे रक्त तपासत फिरले. व्हिक्टोरिया सरोवराकाठी आणि समुद्रकिनाऱ्यावर शंभरातल्या वीसहून अधिक जणांत सिकलसेलचे जनुक निघाले. थंड डोंगराळ भागात शंभरी एकही नाही. हिवताप पसरवणाऱ्या डासांचा मुलूख आणि या जनुकाचा मुलूख एकच! हा संबंध त्यांनी १९५४ मध्ये पुराव्यानिशी मांडला.

दोष केवढा, तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे ठणकू लागतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वीस दिवसही टिकत नाही. पण हे भोगावे लागते दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्याला. एकच आलेला वाहक सहसा ठणठणीत असतो, आणि गंभीर हिवतापापासून बराच सुरक्षितही. हिवतापाच्या प्रदेशात वाहक मुले जास्त जगली आणि जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत सिकलसेल का, याचे मूळ उत्तर हेच. त्याला ‘आदिवासींचा आजार’ म्हणून मोकळे होणे मला चुकीचे वाटते. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही आढळतो. डासाला जात विचारता येत नाही. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच टिकते, ते पेशींना वाकण्यापासून थोडे आवरते, म्हणून इथला आजार सौम्य असे पुष्कळदा सांगितले जाते. विदर्भातल्या रुग्णालयांत मात्र गंभीर रुग्णही काही कमी दिसत नाहीत.

जनुक माणसाबरोबर स्थलांतर करते. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत, हिवताप तिथून हटल्यावरही, ते आहेच. पुण्या-मुंबईला कामासाठी आलेल्या कुटुंबांनाही हेच लागू.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा घराण्यात कुणाला हा आजार असेल तर लग्न ठरवण्याआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे.