उशाशी बसलेला डॉक्टर

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. गरिबाची खोली आहे. दोन खुर्च्या जोडून त्यांवर लहान मूल निजवले आहे. मूल फार आजारी आहे. शेजारी डॉक्टर बसला आहे. हनुवटीला हात लावून तो मुलाकडे एकटक पाहत आहे. मागे आई टेबलावर डोके टेकून बसली आहे. बापाचा हात तिच्या खांद्यावर आहे.

हे चित्र ल्यूक फाइल्ड्स या इंग्रज चित्रकाराने काढले.

ल्यूकचा जन्म १८४३ साली लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. त्याला आजीने वाढवले. आजी मोठी हिमतीची बाई! १८१९ साली मँचेस्टर शहरात मोठी सभा भरली होती. गोरगरिबांनाही मत देण्याचा हक्क हवा, अशी लोकांची मागणी होती. आजी व्यासपीठावर होती. घोडेस्वारांनी सभेवर तलवारी चालवल्या. त्यात आजी जखमी झाली.

तरुणपणी ल्यूक लंडनला आला. हिवाळ्यातल्या एका रात्री त्याने काय पाहिले? बर्फ पडले होते. रात्रीपुरता निवारा मिळावा म्हणून बेघर माणसे थंडीत कुडकुडत उभी होती. हे त्याच्या मनातून जाईना. १८६९ साली त्याने ते चित्र एका साप्ताहिकात काढले. १८७४ साली त्याचेच मोठे रंगीत चित्र केले. ते पाहायला इतकी गर्दी लोटली, की चित्रापुढे कठडा घालावा लागला.

मग त्याच्या घरावरच घाला आला. १८७७ साली, ऐन नाताळात, त्याचा थोरला मुलगा वारला. मूल तर गेले. पण डॉक्टरने किती जिवापाड धडपड केली, ते बाप विसरला नाही.

पुढे हेन्री टेट या साखरेच्या व्यापाऱ्याने त्याला एक चित्र सांगितले. विषय त्याच्यावरच सोपवला. फाइल्ड्सने डॉक्टरचा विषय घेतला. चित्र खरे वाटावे म्हणून त्याने आपल्या चित्रशाळेत झोपडीची खोलीच उभी केली, बरं का! १८९१ साली चित्र लोकांपुढे आले.

पुढे फाइल्ड्सने राजाचेही चित्र काढले. त्याला 'सर' ही पदवी मिळाली. १९२७ साली तो वारला. पण लोकांच्या मनात राहिले ते डॉक्टरचे चित्र. आज ते लंडनच्या टेट चित्रसंग्रहालयात आहे.

त्या काळी पुष्कळ रोगांवर औषधच नव्हते. डॉक्टरच्या हाती फार थोडे होते. तरी तो उठून गेला नाही. रात्रभर उशाशी बसला.

आजाऱ्याच्या घरची रात्र किती लांब असते, ते आपल्याला ठाऊक आहे. चित्रात खिडकीतून उजाडू लागले आहे. आता मूल वाचेल, अशी आशा आईबापांना वाटू लागली आहे.