एक ई-मेल, दोन मोबाइल

भालकी, औराद, बसवकल्याणकडची आपली मुले शिकायला उदगीर-लातूरला जातात. प्रवेश व शिष्यवृत्तीची पत्रे ई-मेलवर येतात. फी मात्र गावातून वडील भरतात. म्हणून मुलाचे खाते दोघांच्या मोबाइलवर जोडावे, असे आम्ही सुचवतो.

मेल अ‍ॅपने विचारल्यास पॉप नको, आयमॅप निवडा. पॉपमध्ये पत्र एका यंत्रावर उतरते, आणि सर्व्हरवरची प्रत पुसली गेली तर दुसऱ्याला ते दिसतच नाही. आयमॅपमध्ये पत्र सर्व्हरवरच राहते. मात्र एकाने पुसले की दोघांचेही जाते, हे घरात आधीच बोलून ठेवा. जीमेलचे आयमॅप पोर्ट ९९३, पाठवण्याचे ४६५. आकडे वहीत लिहिले की पुरे. जोडून झाल्यावर स्वतःलाच मराठीत एक पत्र पाठवा आणि ते दोन्हीकडे दिसते का पाहा.