पारदेश्वर: परभणीतला बांधलेला पारा

परभणी शहरातल्या मृत्युंजय पारदेश्वर मंदिरातलं शिवलिंग पाऱ्याचं आहे. वजन सुमारे 250 किलो असं सांगतात. दर्शनाला आलेल्या माणसाला त्या वजनाचं अप्रूप वाटतं. मला प्रश्न पडतो तो वेगळाच: हे लिंग उभं राहतं कसं?

शुद्ध पारा उणे 38.83 अंश सेल्सिअसला वितळतो. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली आहे, एखाद्या वर्षी तापमान चार-पाच अंशांच्याही खाली उतरतं. पण पारा गोठवायला ती कुठे पुरणार? तेवढा शुद्ध पारा साडेअठरा लिटर भरेल, म्हणजे एका मोठ्या बादलीत मावेल. ती बादली उचलायला मात्र पैलवानांची फौज लागेल, आणि कलंडली तर लिंगाऐवजी फरशीभर चकाकते थेंब.

पारा गोठतो यावर युरोपातल्या विद्वानांचाही बराच काळ विश्वास नव्हता. द्रव असणं हा त्याचा स्वभावच, असं ते धरून चालत. 1759च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्यात योजेफ ब्राउन या शास्त्रज्ञाने बर्फात नायट्रिक आम्ल मिसळून थंडी आणखी वाढवली आणि तापमापकातला पारा घट्ट झाला. त्यावर हातोडी मारली तर तो शिशासारखा चेपला. धातूच तो, फक्त आपल्या हवेत वितळलेला.

वितळणं म्हणजे तरी काय? घनात अणू आपापल्या जागी थरथरत असतात. उष्णता वाढली की थरथर वाढते, आणि एका ठरावीक तापमानाला ती रचना मोडते. अणू एकमेकांना धरून राहतात, पण जागा सोडतात. धरून ठेवणारी ओढ जितकी घट्ट, तितका वितळणबिंदू वर. चांदीला त्यासाठी 962 अंश लागतात. पाऱ्याच्या अणूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन मात्र केंद्रकाने जवळ ओढून धरलेले असतात, शेजाऱ्याच्या वाट्याला फारसे येत नाहीत. याचं कारण थेट आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतापर्यंत जातं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार सापेक्षतेच्या परिणामामुळे पाऱ्याचा वितळणबिंदू शंभराहून अधिक अंशांनी खाली आला आहे. तो परिणाम नसता तर परभणीच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यातही पारा घट्टच राहिला असता.

मग लिंग बनतं कसं? पारा गोठवून नव्हे, बांधून. रसशास्त्रात, म्हणजे पारा-धातूंच्या जुन्या विद्येत, याला पारदबंध म्हणतात. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसलिंगाची कृती आहे: तीन भाग सोन्याचा वर्ख, नऊ भाग पारा, आंबट रसात खल. सोनं पाऱ्यात मुरतं, लोण्यासारखा गोळा होतो, त्याला आकार देता येतो. दातांचे डॉक्टर भरायचे त्या चंदेरी मिश्रणातही निम्मा पारा असे. चांदी आणि कथिलाशी त्याचा संयोग होऊन नवी संयुगं तयार होतात आणि दाढेत भरलेलं मिश्रण टणक होतं. पारा-चांदीचं हे संयुग सव्वाशे अंशांपर्यंत टिकतं. म्हणजे वितळणबिंदू पाऱ्याचा राहतच नाही, तो जोडीचा होतो. खलबत्त्यात पारा बांधणाऱ्या जुन्या रसवैद्यांचं कसब मला चमत्काराच्या कथांपेक्षा मोठं वाटतं.

बांधलेला पारा कायमचा बांधलेला नसतो, हे मुलामा देणाऱ्या कारागिरांना माहीत होतं. ते सोनं-पाऱ्याचा लेप भांड्यावर लावून तापवत. पारा उडून जाई, सोनं उरे. ती वाफ मज्जासंस्था पोखरते. बाजारात देवघरासाठी छोटी पारद शिवलिंगं मिळतात. त्यांत पाऱ्याला घट्ट करायला काय घातलंय, हे विकणारा क्वचितच सांगतो, आणि शिसं स्वस्त असतं. तेव्हा घरी असं लिंग असेल तर पूजा जरूर करा, पण त्यावरून आलेलं दूध-पाणी तीर्थ म्हणून मुलांना देऊ नका आणि लिंग दिव्याच्या आचेजवळ ठेवू नका.