कौन्सिलने खासगी माहिती फोडली, तर दाद कुठे?

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी ‘लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन’ हा लोकपाल विनामूल्य ऐकतो. १९७४च्या कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. मात्र तक्रार केवळ खासगी माहितीची असेल, म्हणजे मुलाच्या देखभालीची फाइल भलत्याच पत्त्यावर गेली किंवा स्वतःच्या नोंदी मागूनही मिळाल्या नाहीत, तर लोकपाल सहसा माहिती आयुक्तांकडे जायला सांगतो. त्या कामासाठी संसदेने ते स्वतंत्र कार्यालय नेमले आहे. घर किंवा सामाजिक देखभालीच्या मोठ्या तक्रारीत खासगी माहितीचा प्रश्न गुंतलेला असेल, तर लोकपाल दोन्हींची एकत्र चौकशी करू शकतो.

पहिली पायरी कौन्सिलच. तक्रार लेखी असावी आणि उत्तरांच्या प्रती जपाव्यात. पुढे सारी भिस्त त्यांवरच असते. स्वतःची माहिती मागितल्यावर कौन्सिलने एका महिन्यात उत्तर द्यायचे असते. गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने मिळतात. लोकपालाकडे मात्र गोष्ट कळल्यापासून साधारणपणे १२ महिन्यांत जावे लागते.

माहिती आयुक्त कौन्सिलला ताकीद, आदेश वा दंड देऊ शकतात, पण तक्रारदाराला भरपाई देववू शकत नाहीत. ती न्यायालयातच मागावी लागते, आणि सामान्य माणसासाठी हीच या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. लोकपाल माफी आणि रक्कम सुचवू शकतो. ती शिफारस बंधनकारक नसली तरी कौन्सिल जवळजवळ नेहमी पाळतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे लोकपाल वेगळे आहेत.